मदतनीस भत्ता कायद्यात आहे, तो देणार कधी?

प्रति,
मा. दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, बोलणं जेमतेम. त्याची दाढी मी करते. रेझर हनुवटीखाली आला की तो मान मागे टाकून मोठ्याने आकडे म्हणायला लागतो. ते थांबेपर्यंत हात वर धरून उभं राहायचं. मध्येच घाई केली की रक्त निघालंच. हे काम शिकवून येतं, त्यासाठी आईच लागते असं नाही. पण शिकणाऱ्याला पगार कोण देणार?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात याचं उत्तर आहे. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांना मदतनीस भत्ता द्यावा, असं कलम २४ सांगतं. तो अजून आमच्या घरापर्यंत आलेला नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला २५०० रुपये आहेत, पण मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस ठेवला तर त्यात आठवडाही निघत नाही. आणि उत्पन्नाची अट अशी, की पेन्शनवर चालणाऱ्या घराने अर्जाच्या वाटेलाच जाऊ नये. केरळने घरी सांभाळणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम’ सुरू केलं. रक्कम तुटपुंजी आहे, पण निदान हे काम आहे एवढं तरी त्या सरकारने मानलं.

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, सत्कार होतात, मुलांची चित्रं लागतात. मुलांचीच. अठरा पूर्ण झाली की विशेष शाळा सुटते आणि पुढे सगळं घरावर.

आमच्या डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेने ‘घरकुल’ उभं केलं, प्रौढ मतिमंद मुलांसाठी. पालकांनी जमवाजमव करून उभारलेलं. अशी घरं प्रत्येक जिल्ह्यात हवीत, पण इमारतीच्या आधी तिथे राबणाऱ्या माणसांच्या पगाराची तरतूद करा. कोनशिला बसवायला सगळेच येतात; रात्रपाळीला कोण थांबणार?

म्हणून मागणी एकच: कलम २४ मधला मदतनीस भत्ता राज्यात लागू करा, उत्पन्नाच्या अटीशिवाय.

बैठक लावलीत तर आम्ही पालक येऊ. मुलांना मात्र बरोबर आणावं लागेल, घरी ठेवायला माणूस नाही. तेवढी शांत खोली बघा.

आपली,
एक आई, डोंबिवली