त्या एका शब्दाबद्दल

कोल्हापूर, मंगळवार पेठ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी काही बोलले नाही. अण्णा शेजारी होते, तूही चिडलेला होतास. शाळेतून बोलावणं आलं, पोराने वर्गात शिवी दिली आणि घरी आणून तू त्याच्या कानाखाली वाजवलीस. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दिवाळीतलं आठव. अंगणात किल्ला चालला होता. दगडांवर पोतं टाकून त्यावर लाल चिखल लिंपलेला, वर मोहरी पेरलेली. पोराचे हात कोपरापर्यंत माखलेले. बुरुजावरचा मावळा तिसऱ्यांदा घसरला तसा तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हुबा ऱ्हा की रांडंच्या!" हुबेहूब अण्णांचा आवाज. तुम्ही सगळे पोट धरून हसलात. मीही हसले. तू मोबाईल काढून म्हणालास, "परत म्हण, परत म्हण." त्याने चार वेळा म्हटलं. चौथ्या वेळी तर आधी तुझ्या तोंडाकडे बघून घेतलं, मग म्हटलं.

तोच शब्द, तेच पोर. दिवाळीला शाबासकी आणि संक्रांतीला थप्पड. पाच वर्षांच्या जिवाने यातून काय समजायचं?

शब्द त्याने आपल्याच घरात उचलला. अण्णा संध्याकाळी त्याला गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला न्यायचे. तिथे त्यांचे तालमीतले दोस्त भेटले की पहिली हाक तीच आणि लगेच खांद्यावर हात. ही माया खोटी नाही. अण्णा दवाखान्यात होते तेव्हा त्यांतलाच एकजण तीन रात्री बाहेर फरशीवर झोपला होता. कोल्हापुरात शिवीशिवाय दोस्ती नाही म्हणतात, आणि चाळीस वर्षं मी ते बघतेय.

पण त्या शब्दाचा अर्थ तुला ठाऊक आहे का? रांड म्हणजे विधवा. तिचं पोर ते रांडेचं. माझे वडील गेले तेव्हा आई सव्वीस वर्षांची होती आणि मी चार. बायकांनी तिचा हात उंबऱ्यावर दाबून धरून दगडाने बांगड्या फोडल्या. हिरव्या काचेचा एक तुकडा मनगटात घुसला होता, तो व्रण मरेपर्यंत होता. पुढे पाण्यावरून भांडण झालं की शेजारीण तिला तोच शब्द फेकून मारायची, आणि मी तिचा पदर धरून उभी असायचे. तेव्हा कुणी हसत नव्हतं. बाळा, तुम्ही ज्या शब्दाला हसता, त्यातलं पोर मी आहे.

आईचं गाव शिरोळ तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या हेरवाडने 2022 च्या मे महिन्यात ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पुढे सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ते कात्रण मी देवघराच्या खणात ठेवलंय. आई असती तर तिला वाचून दाखवलं असतं. तिकडे चाल मोडायला निघालेत आणि आपल्या अंगणात पोर तो शब्द घोकतंय, आपणच घोकून घेतोय.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाने 2024 मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड ठरवला. मला ते फार आवडलं. शिवी द्यायची एका बाप्याला आणि त्यात ओढायची त्याची आई, जी तिथे नसतेसुद्धा. (तुझ्या 'आयला'बद्दलही एकदा बोलायचंय, आज नको.) पण लहान पोराचं काम दंडाने होत नाही आणि थपडेने तर नाहीच. मार खाल्ला की तो तुझ्यासमोर म्हणणार नाही, एवढंच.

पुन्हा म्हणाला तर हसू नकोस, ओरडूही नकोस. कशाचा राग आला ते विचार. राग येणारच, त्याला दुसरे शब्द दे. गाढवा, टोणग्या, माकडतोंड्या, आपल्याकडे काय कमी आहेत? आणि तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवरून काढून टाक. मामाने तो पुढे कुणाकुणाला पाठवलाय, त्यालाही सांग.

अण्णांना हे सगळं मी काल रात्री बोलले. आईच्या मनगटाचं त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ गप्प बसले. आज सकाळी दारात दोस्त आला. अण्णा "काय रं..." म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "काय रं पैलवान, ये, चहा घे." तो बिचारा बघतच राहिला.

संध्याकाळी पोराला फोनवर दे. त्याचा हरवलेला मावळा तुळशीच्या कुंडीत सापडलाय, धुऊन ठेवलाय. आणि त्याचा कान अजून दुखतो का, ते मला त्यालाच विचारायचंय.

तुझी,
आई