धाकट्याला सांग, आधी एक पीआर

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तुझ्या धाकट्याचा परवा फोन आला होता. 'दादा, गूगल समर ऑफ कोडचं प्रपोजल कसं लिहू?' म्हणजे गूगल पैसे देऊन नवख्यांना ओपन सोर्स, सगळ्यांना कोड खुला असलेल्या, प्रकल्पांवर काम करायला लावतं ना, तोच कार्यक्रम. म्हटलं, प्रपोजल राहू दे, आधी सिम्पायमध्ये, म्हणजे गणितं सोडवणाऱ्या त्या ओपन सोर्स पायथन लायब्ररीत, एक पीआर (कोडमध्ये सुचवलेला बदल) मर्ज करून दाखव. पोरगं हिरमुसलं. पण तिथली अटच तशी आहे रे. अर्जाआधी तुझा एखादा बदल, बारीक का असेना, त्यांच्या कोडमध्ये गेलेला हवा.

मी तिथे काय दिवे लावले होते ते तुला कधी सांगितलंच नाही. पहिल्याच आठवड्यात मला 'बग' सापडला. एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ मागितलं, तर सिम्पायने ते जसंच्या तसं परत दिलं. नुसता एक्स का नाही? तावातावाने त्यांच्याकडे इश्यू, म्हणजे तक्रार, टाकला. सकाळी एका ओळीचं उत्तर: एक्सच्या जागी -३ ठेवून बघ. वर्ग ९, वर्गमूळ ३. बोंबला! मग शहाणपणा सुचला, म्हटलं निदान केवल मूल्य तरी द्या. पुन्हा एकच ओळ: आता आय ठेव. म्हणजे -१ चं वर्गमूळ. त्याचा वर्ग -१, त्याचं वर्गमूळ परत आय, पण केवल मूल्य १! एक्स वास्तव आहे असं आधी सांगितलंस तर सिम्पाय केवल मूल्य देतं, धन म्हटलंस तर एक्स. काहीच नाही सांगितलंस तर उगाच तोंड उघडत नाही. आणि आपण दहावीपासून बिनदिक्कत काटाकाटी करत आलो!

शेवटी माझं मर्ज झालं ते काय, तर कोड नीट चालतोय का ते तपासणारी चार ओळींची टेस्ट. तीही तीनदा परत आली, 'अजून एक केस घाल' म्हणून.

तिथला आरन म्यूरर २००९ च्या उन्हाळ्यात विद्यार्थी म्हणून डिफरन्शियल इक्वेशन्सवर काम करायला आला, २०११ मध्ये अख्खा प्रकल्प त्याच्या हाती आला. सगळ्यांचं तसं होत नाही, बहुतेक जण पैसे घेऊन गुल होतात.

हो, समर ऑफ कोडला २०२२ पासून विद्यार्थीच हवा ही अट गेलीय. अठरा पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखा, एवढं पुरे. ९० तासांचे छोटे प्रकल्पही असतात. क्लासच्या बॅचेस सांभाळून जमेल तुला. बघ.

धाकट्याला पुढच्या रविवारी जेवायला पाठव, लॅपटॉप घेऊन. आणि काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी त्याच्याकडे दे, मागच्या वेळी विसरला होता.

तुझा,
दिन्या