सेडानला ट्रॉली लावण्यापूर्वी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात पनवेलच्या एका वाचकांचं पत्र वाचलं. त्यांची जुनी गाडी कणकवलीच्या घरी पडवीशेजारी बंद पडून आहे. ती पनवेलला आणायचे क्रेनवाला अवाच्या सव्वा पैसे सांगतो. तेव्हा ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी ट्रॉली बनवून घ्यायची, आपल्याच सेडानमागे लावायची आणि गाडी घेऊन यायची, असा त्यांचा बेत आहे. 'दीड हजार सीसीचं डिझेल इंजिन, गिअर हाताने टाकायचे, ओढायला काय जड?' असं त्यांनी विचारलंय. वर इतरांनीही हेच करावं असं सुचवलंय, म्हणून हे पत्र.

मी एसटीच्या महाड आगारात 31 वर्षं कारागीर होतो. घाटात उभ्या राहिलेल्या गाड्या टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढून, खाली आणण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या. आणि योगायोग असा, की पत्रलेखकांना जे करायचंय तेच मी दोन वर्षांपूर्वी केलंय. इथे नाही, इंग्लंडात. मुलगी आणि जावई लीड्सला असतात, तिकडे चार महिने होतो तेव्हा.

जावईबापूंना जुन्या गाड्यांचा नाद. पिकरिंग नावाच्या गावाच्या वर, माळरानावरच्या एका शेतात 1967 ची मॉरिस मायनर विकायला होती. आपली अँबॅसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तिची ही धाकटी बहीण. मला बघताक्षणी आवडली. इंजिन जाम, टायर बसलेले, पण पत्रा शाबूत. ती आणायला त्यांनी ट्रेलर भाड्याने घेतला आणि ओढायला घरचीच डिझेल सेडान, पाच गिअरची, क्लचवाली.

आदल्या रात्री जावई टॉर्च घेऊन गाडीच्या दाराजवळ उकिडवे बसले. मला वाटलं काही पडलंय. पण दाराच्या खांबावर एक पट्टी असते, तिच्यावरचे आकडे ते लिहून घेत होते. वरच्या ओळीत 2,080 किलो, म्हणजे माणसं-सामानासकट गाडी एवढीच भरायची. दुसऱ्या ओळीत 3,580, म्हणजे गाडी अधिक ट्रेलर मिळून एवढंच. वजाबाकी 1,500, ती ट्रेलरची. रिकामा ट्रेलर 520, मॉरिस साधारण 760, बेरीज 1,280. शिवाय नवख्याने ओढणाऱ्या गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांवर जाऊ नये, असा तिथल्या कॅरॅव्हॅनवाल्यांचा, म्हणजे गाडीमागे चाकांवरचं घर ओढणाऱ्यांचा, सल्ला असतो. आमची सेडान 1,520 किलोची, म्हणजे जेमतेम बसत होतं. या सगळ्या हिशेबात इंजिन किती सीसीचं हे कुणी एकदाही विचारलं नाही.

लायसनचंही सांगतो. जावई 2012 ला तिकडे गेले आणि तिथली परीक्षा पास झाले. 1997 पासून पास झालेल्यांना एवढा जड ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागायची. 16 डिसेंबर 2021 पासून ती अट गेली, आता साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर साध्या लायसनवर चालतो. परीक्षा गेली, नियम मात्र जागेवर आहेत. ट्रेलरला ब्रेक नसेल तर ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनापर्यंतच, आणि काही झालं तरी 750 किलोंच्या वर नाही. त्यात ट्रॉलीचं आणि तिच्यावरच्या ओझ्याचं, दोन्ही वजन आलं. पत्रलेखकांनी आपल्या ट्रॉलीचा हिशेब इथेच करून पाहावा.

आमच्या ट्रेलरला ब्रेक होते. त्याची रचना मला फार आवडली, तासभर मी खाली वाकून तीच बघत होतो. पुढची गाडी ब्रेक मारते तेव्हा मागचा ट्रेलर तिला ढकलू पाहतो. त्या ढकलण्यानेच ट्रेलरच्या पुढच्या दांड्यातला सरकता भाग आत दबतो, सळई ओढली जाते आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. विजेची तार नाही, हवेचा पाइप नाही. शिवाय एक बारीक पोलादी दोरी ट्रेलरच्या हँडब्रेकपासून येऊन गाडीला अडकवलेली असते. चुकून जोड सुटलाच तर ती दोरी जाता जाता हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. ट्रेलर जागच्या जागी थांबतो, उतारावरून कुणाच्या अंगणात जात नाही.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, ट्रेलरचा दांडा त्याच्यावर बसतो. निघताना मुलीने बाथरूममधला वजनकाटा डिकीत टाकला. 'बाबा, जोडाच्या गोळ्यावर किती भार येतो ते याच्यावर बघायचं असतं, सगळे बघतात.' मी हसलो. म्हटलं, एवढी वर्षं टोचन केलंय, मला अंदाज आहे. शेतावर मॉरिस दोरीने खेचायची होती आणि तिचं शेपूट ट्रेलरकडे होतं. मीच म्हटलं, फिरवत कशाला बसायचं, उलटीच चढवा. हाताच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या चरकाने, टक-टक करत चढवली, चारी चाकांना पट्टे आवळले आणि निघालो.

शेतातून मोठ्या रस्त्याला लागताना चढ होता. तिथे आडव्या रस्त्याने चार गाड्या गेल्या आणि आम्ही चढावरच थांबलो. क्लचवाल्या गाडीचा कस इथे लागतो. मागे सव्वा टन लोंबतोय, क्लच अर्धा सोडून गाडी तोलून धरली की लायनिंग भाजायला लागतं. तो वास मी झोपेतही ओळखीन. म्हटलं, हँडब्रेक ओढा, पहिला टाका, क्लच पकडला की मगच हँडब्रेक सोडा, आणि एकदा सुटलात की अर्ध्या क्लचवर रेंगाळू नका. एवढी एक गोष्ट त्या दिवशी माझ्याकडून बरोबर झाली.

माल्टन गावाच्या बाहेरून जाणाऱ्या ए-64 महामार्गाला मध्ये दुभाजक आहे. तिथे ट्रेलर असेल तर ताशी 60 मैल ही हद्द, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर 50. आम्ही पन्नासच्या जरा वर होतो. एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलर एकदा डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग परत डावीकडे, जरा जास्त. आरशात मॉरिसचं गोल शेपूट एकदा या काचेत दिसे, एकदा त्या. सेडानची शेपटी मागून कुणी धरून हलवतंय असं वाटत होतं. मी ओरडणार होतो 'ब्रेक मारा', आणि तेच चुकलं असतं. जावयांनी फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, उलटसुलट फिरवलं नाही. चाळिसाच्या आसपास हेलकावे आपोआप बसले. सगळं मिळून आठ-दहा सेकंदं असतील. माझा तळहात मात्र दाराच्या दांडीला चिकटला होता.

पुढच्या थांब्यावर उभे राहिलो. कुणी काही बोललं नाही. जावयांनी डिकीतून वजनकाटा काढला. ट्रेलरचा हँडब्रेक लावला, चाकांना ठोकळे दिले, जोड सोडला, दांड्याखाली लाकडाचा तुकडा उभा करून तो काट्यावर टेकवला. काटा 22 वर थांबला. एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार पुढे हवा, म्हणजे आमच्या हिशेबाने 64 ते 90 किलो. त्यात आमच्या गाडीच्या गोळ्याला 75 ची मर्यादा, म्हणून सत्तरच्या आत-बाहेर. उलटी चढवल्यामुळे मॉरिसचं जड इंजिन ट्रेलरच्या आसाच्या मागे गेलं होतं आणि पुढचा दांडा हलका पडला होता. पट्टे सैल करून तिला विंचने आठ इंच पुढे घेतली. पुन्हा काटा. 68. आठ इंचांनी 46 किलोंचा फरक पडतो, हे मी त्या दिवशी वयाच्या 66 व्या वर्षी शिकलो. लीड्सपर्यंत मग ट्रेलर रेषेत आला. मुलीला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण काट्यावर ग्रीसचा डाग पडला होता.

परतीचा रस्ताही जरा बघूनच धरला होता. मोबाइल एकदा थर्स्कवरून न्यायला बघत होता. त्या वाटेवर सटन बँक नावाचा घाट आहे, चार फुटांमागे एक फूट असा उभा. तिथे कॅरॅव्हॅन न्यायला बंदीच आहे. आमची कॅरॅव्हॅन नव्हती, तरी आम्ही तिकडे फिरकलो नाही. आता कणकवली ते पनवेल वाटेत किती चढउतार आहेत हे पत्रलेखकांना मी सांगायला नको. कशेडीला बोगदा झाला म्हणून कोकण सपाट झालं नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आमच्या ड्रायव्हरांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं जायचं. पण मागचं ओझं विनाब्रेकचं असेल तर गिअर एकटा किती धरणार? ते पुढे ढकलत राहतं, आणि वळणावर ढकललं की सेडान आधी वळते आणि ट्रॉली सरळ जाते.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(28) मध्ये ट्रेलर हेही मोटार वाहनच धरलंय. म्हणजे फॅब्रिकेटरने वेल्डिंग करून दिलं की झालं, असं नाही, त्याची नोंदणी लागते. माझ्या घरच्या सेडानच्या माहितीपुस्तकात तर ट्रेलर ओढू नये असं सरळ छापलंय. पत्रलेखकांनी आपलं पुस्तक उघडून पाहावं, बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच असेल.

मग दोरी बांधून आणू, असं कुणी म्हणेल. तेही लिहून टाकतो, कारण महामार्गावर रोज दिसतं. आमच्या वेळी 1989 ची रस्ता नियमावली होती. तिच्यात टोचनचं सगळं लिहिलेलं होतं: बंद गाडी जवळच्या गॅरेजपर्यंतच न्यायची, तिच्या स्टिअरिंगवर लायसनवाला माणूस हवा, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोर लांबून दिसेल असा, मागे पांढऱ्या पाटीवर 75 मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत 'ऑन टो', आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या वर नाही. जवळच्या गॅरेजपर्यंत. कणकवलीहून पनवेलपर्यंत नाही. मागच्या महिन्यात पोलादपूरजवळ मी रात्री एक मोटार निळ्या नायलॉनच्या दोरीने ओढताना पाहिली. मागच्या गाडीत दिवा नाही, पाटी नाही, वेग साठचा तरी असेल. मागच्याचं इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मदत नाही, दाबून दाबून पाय दगड होतो. त्या दोघांच्या मधून एक दुचाकीवाला रस्ता ओलांडायला निघाला होता. दोरी त्याला दिसलीच नव्हती. मी टपरीवरून ओरडलो म्हणून थांबला.

संपादक महाशय, असं पत्र छापायला हरकत नाही, पण खाली एखाद्या आरटीओ निरीक्षकाचे दोन शब्द घेतले असते तर बरं झालं असतं. तुमचा पेपर आमच्याकडे गॅरेजवालेही वाचतात.

पत्रलेखकांना एवढंच, की सपाट पाठीची मोठी गाडी मिळते, ती तुमची गाडी चारी चाकांनी उचलून नेते. कणकवलीहून मुंबईकडे रिकामी परतणारी एखादी गाठलीत तर भाडंही जरा खाली येतं, दोन-चार गॅरेजांत सांगून ठेवा. फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल आणि लोखंड कापून झालं असेल, तर त्याच मापाचं घराला गेट करून घ्या.

आपला,
एक निवृत्त एसटी कारागीर, महाड (जि. रायगड)