‘व सहकारी’ म्हणजे कोण?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात जिल्ह्याच्या बॅडमिंटन टूर्नामेंटची बातमी तुमच्या पेपरात आली होती. सिंगल्स जिंकलेल्या पोरीचा फोटो होता, तिच्या शाळेचं नाव, कोचचं नाव, सगळं होतं, आणि छानच झालं, त्या पोरीनं मेहनत केलीय. डबल्सचा निकाल मात्र शेवटच्या ओळीत, तिथं माझ्या पोरीचं नाव आणि पुढे नुसतं ‘व सहकारी’. ती सहकारी म्हणजे यावल तालुक्यातली पोरगी आहे साहेब, वडील केळीच्या कटाईला जातात, रोज एसटीनं तापी ओलांडून भुसावळला प्रॅक्टिसला येते. तिच्या आजीनं सकाळीच स्टँडवरून पेपरच्या तीन कॉप्या आणवल्या होत्या. मला फोन आला, ‘भाऊ, आमच्या पोरीचं नाव कुठल्या पानावर आहे?’ काय सांगणार होतो मी.

त्या दिवशी हॉलमध्येही तेच झालं. सिंगल्सची फायनल संध्याकाळी, पाहुणे असताना, लगेच बक्षीस समारंभ, भाषणं, फोटो. डबल्सची फायनल सुरू व्हायलाच रात्रीचे नऊ वाजले. अर्धे लाइट बंद, एका बाजूला खुर्च्या गोळा करणं चाललंय, त्या आवाजात ह्या पोरी तीन गेम खेळल्या आणि तिसरा 22-20 नं घेतला. बक्षीस काय तर दोघींत एक कप. दोघी हॉलच्या पायरीवर बसून ठरवत होत्या की सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. यावलची शेवटची बस तोवर गेली होती, मग ती पोरगी आमच्याच घरी झोपली.

लोकांना वाटतं ज्याला सिंगल्स जमत नाही तो डबल्स खेळतो, चक्क कोचिंगवाले पण पालकांना असंच सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. सिंगल्सपेक्षा कोर्ट फक्त तीन फुटांनी रुंद होतं पण माणसं दोनाची चार होतात, शटल समोरून इतक्या लवकर परत येतं की रॅकेट खाली न्यायला वेळ नसतो. सर्व्हिस जरा उंच गेली की मेलात. वर पार्टनर काय करणार हे न बघता कळायला लागतं, अटॅकला एक पुढे एक मागे, डिफेन्सला दोघी शेजारी, आणि हे बदलणं अर्ध्या सेकंदात. उन्हाळ्यात आपल्याकडे 44-45 डिग्री, शटल वाऱ्यानं हलतं म्हणून पंखे बंद, त्यात दोन-दोन तास ह्या पोरी फक्त जागा बदलायची प्रॅक्टिस करतात.

माझी पोरगी डावखुरी आहे, म्हणून तिला भारताची डबल्स खेळाडू ज्वाला गुट्टा हिचे जुने मॅच दाखवतो. ज्वालापण डावखुरी, आणि जन्म आपल्या महाराष्ट्रातला, वर्ध्याचा, 1983 चा, पुढे वाढली हैदराबादला. आधी श्रुती कुरियनसोबत, मग अश्विनी पोनप्पासोबत, मिक्स्डला व्ही. दिजूसोबत, म्हणजे अख्खं करिअर डबल्समध्ये. 2010 ला दिल्ली कॉमनवेल्थमध्ये ज्वाला-अश्विनीनं गोल्ड घेतलं, त्याच दिवशी सिंगल्समध्ये सायना नेहवालचंही गोल्ड होतं. आता कुणालाही विचारा, सायनाचं आठवतं, ह्या दोघींचं सांगावं लागतं. 2011 ला लंडनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ, महिला डबल्समध्ये भारताला असं मेडल त्याआधी कधीच नव्हतं. 2012 च्या ऑलिम्पिकला ग्रुपमधल्या तीनपैकी दोन मॅच जिंकूनही पॉइंटच्या हिशोबात बाहेर गेल्या. डबल्सकडे दुर्लक्ष होतंय हे ज्वाला वर्षानुवर्षं उघड बोलत आली, त्याबद्दल तिनं बोलणीही खाल्ली.

टोकियो ऑलिम्पिकला सात्विक-चिराग ह्या आपल्या पुरुष डबल्सच्या जोडीचं पण तसंच झालं, दोन मॅच जिंकले, ज्या तैवानच्या जोडीला हरवलं तिनंच पुढे गोल्ड नेलं आणि हे दोघं घरी. मग 2022 ला थॉमस कप, म्हणजे पुरुषांच्या टीमची वर्ल्ड चॅम्पियनशिप, त्याच्या फायनलमध्ये इंडोनेशियासमोर ह्यांचा पहिला गेम गेला, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवले, 18-21, 23-21, 21-19. ती मॅच आम्ही घरी बघितली, दोघी पोरी सोफ्यावर उभ्या होत्या. 2023 ला एशियन गेम्सचं गोल्ड आणि वर्ल्ड नंबर वन, सात्विकच्या स्मॅशचा ताशी 565 किमीचा रेकॉर्ड, तोही डबल्सवालाच. आता टीव्हीवर लोक डबल्स बघतात, आपल्या जिल्ह्यात मात्र अजून रात्री नऊलाच.

आयोजकांना माझी विनंती आहे की डबल्सची एखादी तरी फायनल पाहुणे असताना ठेवा, आणि दोघांना दोन कप द्या, लहान द्या पण दोन द्या. तुम्हाला विनंती एवढीच की निकालात दोन्ही नावं पूर्ण छापा, गावासकट. पुढची टूर्नामेंट दिवाळीनंतर आहे, दोघींची एन्ट्री भरलीय. त्या पोरीच्या आजीला मी सांगून ठेवलंय की ह्या वेळी पेपरवाल्यांना आधीच पत्र लिहिलंय.

— एक पालक, भुसावळ