प्रा. पेनेलोपी ॲबरनॅथी यांस : आकड्यांबद्दल आणि त्याहून जास्त तळटीपांबद्दल आभार

आदरणीय प्रा. ॲबरनॅथी यांस,

स. न. वि. वि.

अमेरिकेत गावोगावची वर्तमानपत्रे बंद पडताहेत, ही ओरड तुमच्या आधीपासून होती. तुम्ही यादी केली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या तुमच्या चमूने २००४ साल पाया धरले, तेव्हा स्थानिक दैनिके आणि साप्ताहिके मिळून ८,८९१ होती. २०२० च्या अहवालात ती ६,७३६ उरली आणि सुमारे २०० काउंट्यांत (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांत) एकही नव्हते. आम्हा जिल्हा-तालुक्याची पत्रकारिता करणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना मात्र या आकड्यांपेक्षा त्यामागच्या तळटीपा जास्त कामाला आल्या.

वर्तमानपत्र कशाला म्हणायचे नाही, हे तुम्ही आधी ठरवलेत. फुकट वाटली जाणारी जाहिरातपत्रे, व्यापारविषयक अंक, मासिके, एकाच दैनिकाच्या भागनिहाय आवृत्त्या, सगळे वगळले. मग व्यावसायिक सूचीतली नावे राज्यांच्या वृत्तपत्र संघटनांकडून पडताळली. ही गाळणी नसती तर आकडा फुगलेलाच राहिला असता. आपल्याकडे तिची गरज अधिकच आहे. वर्तमानपत्रांची सरकारी नोंदणी करणाऱ्या प्रेस रजिस्ट्रारच्या नोंदीत शीर्षक असते, अंक स्टॉलवर नसतो. काही अंक निघतात ते नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीपुरते.

दुसरे ऋण ‘भूत वर्तमानपत्र’ या कल्पनेचे. नाव तेच, अंक रोजचा, पण वार्ताहर निम्म्याहून कमी झालेले. साप्ताहिक शेजारच्या दैनिकात विलीन होते, पुढे त्याची पुरवणी होते आणि एक दिवस तीही थांबते. नुसती शीर्षके मोजणाऱ्याला शेवटचा टप्पाच दिसतो. सभेला वार्ताहर जाणे त्याआधी कधीच थांबलेले असते.

म्हणून शीर्षकांनंतर मजकूर मोजावा लागतो. ती रीत ड्यूक विद्यापीठाच्या प्रा. फिलिप नेपोली यांनी घालून दिली, त्यांचेही आभार इथेच मानतो. १०० गावे-शहरे आणि १६,००० हून अधिक बातम्या तपासल्यावर त्यांच्या हाती आले ते असे : खरोखर त्या गावच्या बातम्या जेमतेम १७ टक्के. तालुक्यापुरते हे काम दोन माणसे करू शकतात. सलग आठवडा घेऊ नये. तो गणपतीत किंवा आचारसंहितेत सापडला की हिशेब बिघडतो. एका आठवड्याचा सोमवार, दुसऱ्याचा मंगळवार, असे वेगवेगळ्या आठवड्यांतले सात दिवस जुळवावेत. प्रत्येक बातमीला तीन प्रश्न : मजकूर स्वतःचा की आलेला? घटना याच तालुक्यातली? आणि आरोग्य, शाळा, रस्ते, पाणी, रोजगार, कारभार यांपैकी कशाशी तिचा संबंध आहे? दोघांनी एकमेकांचे न पाहता खुणा कराव्यात. मतभेद फार निघाले तर व्याख्या सैल आहे असे समजावे. सर्वांत जास्त फसवणूक पहिल्या प्रश्नात होते. व्हॉट्सॲपवर आलेले प्रसिद्धिपत्रक तीन दैनिकांत ‘तालुका प्रतिनिधी’ या नावाने छापून येते आणि तीन बातम्या म्हणून मोजले जाते. पहिला परिच्छेद शेजारी ठेवून ताडला की उघडे पडते.

वर्तमानपत्र गेल्याने नागरी जीवनात नेमके काय बिघडते, हे इतरांनी तपासले आहे. २००७ अखेर ‘सिनसिनाटी पोस्ट’ बंद पडले, तेव्हा त्यावर विसंबून असलेल्या केंटकीच्या उपनगरांत नगरपालिकेला उमेदवार कमी उभे राहिले, मतदान घटले आणि पदावर असलेल्यांची पुन्हा निवडून येण्याची शक्यता वाढली. अभ्यासकांनी नमुना लहान असल्याचेही सांगितले, ते बरे केले. दुसऱ्या एका अभ्यासात वर्तमानपत्र बंद पडल्यावर स्थानिक संस्थांच्या कर्जाचा व्याजदर दीर्घकाळात ०.०५ ते ०.११ टक्केबिंदूंनी वाढलेला आढळला. दहा कोटी डॉलरच्या कर्जावर ०.१० टक्का जादा व्याज म्हणजे वर्षाला एक लाख डॉलर. वार्ताहराचा पगार यातून सहज निघावा! नगरपरिषदेच्या लेखाशाखेला हा मुद्दा लोकशाहीवरच्या व्याख्यानापेक्षा लवकर पटेल.

एका बाबतीत मात्र तुमची पद्धत आम्हाला जशीच्या तशी घेता येणार नाही. तुमचे एकक काउंटी. त्याजागी आम्ही जिल्हा धरला तर स्थानिक बातम्यांवाचून कोरडा राहिलेला भाग दिसणारच नाही, कारण मोठ्या मराठी दैनिकांच्या आवृत्त्या जिल्ह्यानिहाय असतात. एकट्या अहिल्यानगर जिल्ह्यात १४ तालुके. जिल्ह्याच्या पानांवर अमुक तालुक्याच्या पंचायत समितीची सभा आठवड्यातून किती वेळा येते, ते पाहावे लागेल. त्यामुळे एकक तालुकाच हवे, आणि नगरपरिषद असेल तिथे ती वेगळी मोजायला हवी. वार्ताहरावर जाहिराती गोळा करण्याचाही भार आहे का, असा एक रकानाही आम्ही वाढवू. तुमच्या तक्त्यात तो नाही. आमच्याकडे त्यावाचून तक्ता अपुरा राहील.

कळावे, लोभ असावा.

आपले कृतज्ञ,
जिल्हा-तालुक्याच्या पत्रकारितेतले काही जण