‘सिस्टीम घेत नाही’ याचे उत्तर कायद्यात हवे : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कृत्रिम बुद्धिमत्तेची कायदेशीर व्याख्या आणि शासकीय लाभांचे संगणकी निर्णय

महोदय,
स.न.वि.वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी देशात वेगळा कायदा हवा की नको, यावर बरीच चर्चा झाली आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा सूर असा, की तूर्त नवा कायदा नको, आहेत ते कायदे पुरतील. हे धोरण कधीतरी बदलेल आणि कायदा येईल. आला की त्याच्या पहिल्या पानावर व्याख्या असेल. त्या चार ओळींतच ठरते कोणाला जाब विचारता येईल आणि कोणाला नाही. आमचे म्हणणे असे, की जगात आज चालणारी व्याख्या जशीच्या तशी उचलली, तर यवतमाळ, वाशीम, अमरावती, गडचिरोलीच्या माणसाला ज्या संगणकी निर्णयांचा फटका बसतो, त्यातले बहुतेक कायद्याबाहेरच राहतील.

आमचा या तंत्रज्ञानाला विरोध नाही. कामगंध सापळ्यात (गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले, म्हणजे गुलाबी बोंडअळीने नुकसानीची पातळी ओलांडली. हे कॅमेऱ्याने मोजून कास्तकाराला वेळेत सांगणारे यंत्र आम्हाला हवेच आहे. प्रश्न येतो तो यंत्राच्या उत्तरावर कोणाचा पैसा, धान्य किंवा आहार अडतो तिथे.

सगळ्यात जास्त उचलली जाणारी व्याख्या युरोपीय संघाची. त्यांचा २०२४/१६८९ क्रमांकाचा कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या अनुच्छेदाचा मथितार्थ असा : कमी-अधिक स्वायत्तपणे चालणारी आणि मिळालेल्या माहितीवरून अंदाज, मजकूर, शिफारस किंवा निर्णय कसा काढायचा याचे अनुमान करणारी यंत्राधारित व्यवस्था म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. प्रास्ताविकाच्या बाराव्या परिच्छेदात खुलासा आहे, की केवळ माणसांनी लिहून दिलेल्या नियमांवर आपोआप चालणाऱ्या व्यवस्था यात मोडत नाहीत. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची २०२३ मध्ये सुधारलेली व्याख्याही याच साच्यातली आहे. युरोपच्या गरजेला ती ठीक असेल. आपल्याकडे काय होते ते पाहू.

शेतकरी ओळख क्रमांक काढताना, अनुदान जमा करताना, यादी तपासताना सातबाऱ्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळवले जाते. असे जुळवण्याची एक सर्रास वापरली जाणारी पद्धत आहे. एका नावाचे दुसरे नाव करायला किती अक्षरे बदलावी, घालावी वा गाळावी लागतात ते मोजायचे, त्या संख्येला लांब नावाच्या अक्षरसंख्येने भागायचे आणि टक्केवारी काढायची. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डी-एन-वाय’ने सुरू करून ११ अक्षरांत लिहितो, कोणी ‘जी-वाय’ने सुरू करून १० अक्षरांत. फरक दोन अक्षरांचा, म्हणजे जुळणी ८२ टक्के. पास होण्याची रेषा ८० वर ठेवली तर माणूस आत, ८५ वर ठेवली तर बाहेर. आता मडावी घ्या. रोमनमध्ये सहा अक्षरे. एका कागदावर ‘व्ही’ आणि दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ पडला, तर एका अक्षराने जुळणी ८३ टक्क्यांवर येते. कोवे हे चार अक्षरांचे आडनाव त्याच एका अक्षराने ७५ वर जाते. नाव जितके छोटे तितकी एका अक्षराची शिक्षा मोठी. झरी-जामणी, पांढरकवडा, एटापल्ली या भागांत अशी छोटी आडनावे घरोघरी आहेत. ही रेषा कोण आखतो? बहुतेक वेळा प्रणाली लिहिणारा कोणी अभियंता, आणि तिची नोंद कोणत्याही शासन निर्णयात नसते.

यात यंत्र काही ‘शिकत’ नाही. वजाबाकी आणि भागाकार आहे. म्हणून युरोपच्या व्याख्येप्रमाणे ही कृत्रिम बुद्धिमत्ताच नव्हे, आणि त्या कायद्यातले एकही बंधन तिला लागू होणार नाही. नाव अडकलेल्या माणसाला मात्र तहसीलच्या खिडकीवर एकच उत्तर मिळते : सिस्टीम घेत नाही.

साध्या गणिताने केवढे नुकसान होते याचा दाखला हवा असेल तर ऑस्ट्रेलियाचा आहे. तिथल्या ‘रोबोडेट’ योजनेत वर्षाचे उत्पन्न पंधरवड्यांत समान विभागून लोकांवर खोटी थकबाकी काढली गेली. हंगामी मजुराचे उत्पन्न कधीच समान नसते, एवढी साधी गोष्ट सूत्रात नव्हती. शाही आयोगाने जुलै २०२३ च्या अहवालात त्या योजनेचे वाभाडे काढले. पैनगंगेपलीकडे तेलंगणात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची पुन्हा पडताळणी करायला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. घरोघरी न जाता संगणकाच्या निकषांवर कार्डे कापली गेली, ही तिथली मूळ तक्रार होती.

दुसरी अडचण वेगळ्या जातीची आहे आणि विदर्भाच्या खरिपाशी तिचा थेट संबंध आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत ‘यस-टेक’ पद्धतीने, म्हणजे उपग्रहाची चित्रे, हवामान आणि प्रतिमाने (संगणकी मॉडेल) वापरून उत्पादनाचा अंदाज काढला जातो. २०२३ मध्ये भात आणि गव्हापासून सुरुवात झाली, २०२४ च्या खरिपात सोयाबीन आले. या अंदाजाला किमान ३० टक्के भार द्यायचा असे केंद्राचे सूत्र होते. उरलेला भार पीक कापणी प्रयोगांचा, म्हणजे निवडक वावरांतले पीक कापून प्रत्यक्ष वजन करण्याचा.

आकडे घालून पाहू. समजा महसूल मंडळाचे सोयाबीनचे उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली गेले की भरपाई सुरू होते ते) हेक्टरी १२ क्विंटल आहे, कापणी प्रयोगात ६ क्विंटल निघाले आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे. नुसत्या प्रयोगावर भरपाई ५० टक्के, म्हणजे २५,००० रुपये. आता उपग्रहाचा अंदाज ११ क्विंटल आला. ६ चे ७० टक्के म्हणजे ४.२ आणि ११ चे ३० टक्के म्हणजे ३.३, मिळून ७.५ क्विंटल. तूट ४.५ ची राहिली, भरपाई ३७.५ टक्के, म्हणजे १८,७५० रुपये. वावर तेच, पीकही तेच, आणि हेक्टरी ६,२५० रुपये गेले.

उपग्रह असा चुकतो कसा? सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सेंटिनेल-२ या उपग्रहाचे चित्र दहा मीटरच्या चौकोनांचे असते. अर्ध्या एकराच्या वावरात असे वीसेक चौकोन बसतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त कडेचे, म्हणजे धुऱ्यावरची बाभूळ आणि शेजाऱ्याचे पीक मिसळलेले. सोयाबीनच्या ओळींत तूर असेल तर एकाच चौकोनात दोन पिकांचा रंग येतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे चित्रे वाया जातात. ढगातून पाहणारे रडार असते, पण ते दाण्याचे सांगत नाही. मुळात हे तंत्र पाहते ते पानांची हिरवाई. सोयाबीन पक्वतेला आले की पाने गळतात. त्यानंतर परतीचा पाऊस लागून राहिला आणि शेंगेतच दाण्याला कोंब फुटले, तर हिरवाईचा आलेख तोवर उत्तम काढून झालेला असतो. हेच तंत्र उद्या पराटीवर (कपाशीवर) भरवशाने वापरायचे म्हटले, तर वरून हिरवीगार पराटी आणि आत बोंडसड व अळी, हे आकाशातून दिसणार कसे?

ही शिकलेली, अनुमान करणारी प्रतिमाने असतील तिथे युरोपच्या व्याख्येत बसतीलही. पण तिथल्या ‘उच्च जोखीम’ यादीत विमा म्हणून नावे आहेत ती फक्त आयुर्विम्याची आणि आरोग्य विम्याची. पीक विमा नाही. आपला डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ इथे उपयोगी पडत नाही, कारण मंडळाचे सरासरी उत्पादन हा कोणाचाही वैयक्तिक विदा नाही. नुकसान अख्ख्या मंडळाचे होते आणि दाद मागायला ‘व्यक्ती’ सापडत नाही.

तिसरी गोष्ट थोडक्यात सांगतो. १ जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या ॲपवर घरपोच आहारासाठी चेहरा ओळखणे सक्तीचे झाले. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांत रेंज नसते, मोबाईल नवऱ्याच्या खिशात परगावी असतो, आधारचा फोटो लग्नाआधीचा असतो. चेहरा जुळवण्यातही पास होण्याची एक रेषा असते. ती वर नेली की तोतया कमी शिरतात आणि खरी माणसे जास्त अडतात. दोन्ही चुका एकाच वेळी शून्य होत नाहीत. ही तर निखळ कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. पण युरोपच्या बायोमेट्रिक यादीतून ‘ही तीच व्यक्ती आहे ना’ एवढेच तपासणाऱ्या व्यवस्था स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. आपल्याकडे अंगणवाडी ताई त्या बाईला नावानिशी ओळखते, आणि तरी पाकीट देता येत नाही.

आपल्या २०२३ च्या अधिनियमात एक चांगले कलम आहे : ज्या माहितीवरून माणसाविषयी निर्णय होणार, ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असली पाहिजे, असे कलम ८(३) सांगते. पण माहिती दुरुस्त करून घेण्याचा कलम १२ मधला हक्क संमती देऊन झालेल्या वापराला जोडलेला आहे. शासन कलम ७(ख) खाली लाभासाठी माहिती वापरते तेव्हा तो हक्क शब्दशः पोहोचत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी मुख्य कर्तव्यांना १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

मग धडा घ्यायचा कोणाकडून? आमच्या मते कॅनडाच्या संघराज्य शासनाकडून. त्यांचा मोठा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा जानेवारी २०२५ मध्ये संसदेतच बारगळला, पण २०१९ चा स्वयंचलित निर्णयांविषयीचा निर्देश चालू आहे. तो तंत्रावर अडत नाही. अधिकाऱ्याच्या निर्णयबुद्धीला मदत करणारे किंवा तिची जागा घेणारे कोणतेही तंत्रज्ञान त्यात येते, नियमांवर चालणारेसुद्धा. वापरण्याआधी परिणामांचे मूल्यमापन करून ते प्रसिद्ध करावे लागते, चार पातळ्यांत जोखीम ठरते, आणि वरच्या दोन पातळ्यांवर अंतिम निर्णय माणसानेच घ्यायचा असतो.

यावरून आम्ही महाराष्ट्रासाठी हा मसुदा सुचवतो :

‘स्वयंचलित निर्णय-व्यवस्था म्हणजे शासकीय लाभ, नुकसानभरपाई, विमा, नोंद किंवा पात्रता यांविषयीचा निर्णय, तो एका व्यक्तीचा असो वा गाव, मंडळ वा समूहाचा, पूर्णतः किंवा अंशतः घेणारी, अथवा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे गुण, क्रम, शिफारस वा इशारा ठेवणारी संगणकीय व्यवस्था, मग ती माणसाने लिहिलेल्या नियमांवर चालो वा माहितीवरून शिकलेली असो.’

‘शिफारस वा इशारा’ हे शब्द कृपया गाळू नका. प्रणाली फक्त सुचवते, सही साहेबांची असते, हा बचाव सगळीकडे केला जातो. युरोपीय न्यायालयाने ७ डिसेंबर २०२३ रोजी शूफा या जर्मन पत-गुणांकन संस्थेच्या प्रकरणात तो अडवला : बँक त्या गुणांवरच विसंबून कर्ज नाकारत असेल, तर गुण देणे हाच निर्णय धरावा. ज्या तलाठ्याला वा तालुका कृषी अधिकाऱ्याला संगणकाचे उत्तर फिरवण्याचे बटणच दिलेले नाही, त्याच्या सहीला मानवी देखरेख म्हणता येणार नाही.

ही व्याख्या बसवायला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ राज्याचाच आहे. त्यात पदनिर्देशित अधिकारी, दोन अपिले, आयोग आणि ५०० ते ५,००० रुपयांची शास्ती हे सगळे तयार आहे. बाधित माणसाला निर्णयाची कारणे द्यावीत हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(घ) मध्ये २००५ पासून लिहिलेले आहे. आता ‘कारण’ म्हणजे काय तेवढे नेमके करावे. नकाराच्या कागदावर मराठीत असावे : कोणती दोन कागदपत्रे ताडली, त्यांत काय वेगळे आढळले, जुळणी किती आली, रेषा किती होती, प्रणालीची कोणती आवृत्ती त्या दिवशी चालू होती, आणि हे फिरवण्याचा अधिकार कोणत्या पदाला आहे. या नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत पुसता येऊ नयेत. चालू असलेला लाभ प्रत्यक्ष चौकशीआधी थांबवू नये. नुसत्या न जुळण्यावरून तर नाहीच.

मंडळाच्या उत्पादनासारख्या सामूहिक निर्णयाला व्यक्तिगत कागद पुरणार नाही. तिथे चावडी वाचनाची जुनी रीत आहे. कापणी प्रयोगांचे आकडे, उपग्रहाचा अंदाज आणि दोघांचा भार भरपाई ठरण्याआधी चावडीवर वाचावा, आणि दोन आकड्यांत ठरावीक टक्क्यांहून जास्त अंतर पडले तर उपग्रहाचा अंदाज बाजूला ठेवून फेरप्रयोग घ्यावेत. सोयाबीन काढून झाल्यावर फेरप्रयोगाला वावरात काही उरत नाही, म्हणून हे अंतर कापणीच्या आधीच्या आठवड्यात कळले पाहिजे.

राहिली निविदा. शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याच्या राज्याच्या महाॲग्री-एआय धोरणासाठी पहिल्या तीन वर्षांना ५०० कोटी रुपये ठेवले आहेत. करारात अट नसेल तर कंपनी ‘व्यापारी गुपित’ म्हणून रेषासुद्धा सांगत नाही, आणि माहिती अधिकाराचा अर्ज कलम ८(१)(घ) वर येऊन अडतो. म्हणून निविदेतच लिहून घ्यावे की निकष, रेषा, चाचणीचे निकाल आणि निर्णयांच्या नोंदी शासनाच्या मालकीच्या राहतील. चाचणी पुण्यात बसून घेतलेल्या नमुन्यावर घेऊ नये. मेळघाटातला एक पाडा, गडचिरोलीतले एक धानाचे मंडळ आणि यवतमाळमधले एक कोरडवाहू मंडळ तरी त्यात असावे, आणि खरी माणसे किती अडली याचा आकडा पकडलेल्या बोगसांच्या आकड्याशेजारी छापावा.

लोकसेवा हक्क अधिनियमातील दुरुस्तीचे विधेयक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडता येईल. कारणांचा नमुना आणि निविदेच्या अटी तर शासन निर्णयानेही होतील, त्याला विधेयक लागत नाही. कलमवार मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. आपल्या विभागाचे अधिकारी यवतमाळ, अमरावती किंवा कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी बोलावतील तिथे तो घेऊन येऊ.

आपले,
विदर्भातील काही अभियंते, वकील, कृषी पदवीधर आणि सेवा केंद्रचालक
यवतमाळ