विद्यार्थ्यांच्या गाडीला ‘रेसिंग’ पॅड कशाला?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसकारच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. गाडीचा वेग किती, इंजिन कोणते, खर्च किती आला, हे त्यांत असते; गाडी थांबते कशी, याविषयी मात्र एक ओळही नसते. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी अशाच एका विद्यार्थी संघाला सल्ला देतो. ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणारे घर्षणाचे तुकडे, निवडताना आमच्या हातून झालेली चूक इतर संघांनी टाळावी, यासाठी हे पत्र.

कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’सारख्या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेत ट्रॅकवरील फेऱ्यांआधी ब्रेकची चाचणी द्यावी लागते. गाडीने वेग घ्यायचा, चालकाने पेडल दाबायचे आणि चारही चाके लॉक होऊन, म्हणजे फिरायची पूर्ण थांबून, गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे. ही चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय गाडी शर्यतीत उतरत नाही आणि हजार गुणांपैकी निम्म्याहून अधिक गुण तर ट्रॅकवरच मिळवायचे असतात. आमच्या मुलांनी प्रायोजकाच्या पैशातून परदेशी बनावटीचे, मोठ्या शर्यतींच्या गाड्यांसाठी असलेले पॅड आणले होते. माहितीपत्रकात घर्षणांक, म्हणजे पॅड डिस्कला किती पकडतो याचे माप, ०.५ छापलेला होता आणि मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) पेडलच्या लांबीपर्यंतचे सारे गणित त्याच आकड्यावर बेतले होते. तो आकडा तापलेल्या पॅडचा होता, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही, माझ्याही नाही. तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्क हवेइतक्याच गार होत्या. चालकाने जीव खाऊन पेडल दाबले तरी पुढची चाके फिरतच राहिली. थंड पॅडचा घर्षणांक ०.५ ऐवजी ०.३३ भरला, तर तेवढ्याच परिणामासाठी पायाला दीडपट जोर लावावा लागतो, हे गणित आम्ही परतीच्या रेल्वेत केले.

या गाड्या आपले ब्रेक तितके तापवूच शकत नाहीत. चालकासह ३०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबली, तर सुमारे ७४ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. चारही डिस्क मिळून अडीच किलो पोलाद धरले, तर एका थांब्यात त्यांचे तापमान सरासरी साठेक अंशांनी वाढते आणि पुढच्या वळणापर्यंत त्यातले काही वाऱ्यावर निघूनही जाते. सुमारे २२ किलोमीटरच्या दीर्घ पल्ल्याच्या फेरीतही आमच्या पुढच्या डिस्क २०० अंशांच्या आसपासच राहिल्याचे नंतरच्या मोजणीत दिसले. चारशे अंशांवर खुलणारा पॅड अशा गाडीत आयुष्यभर अर्धवट जागाच राहणार.

दुसऱ्या वर्षी आम्ही मोटारसायकलचे साधे पॅड घेतले. पावसाळी सकाळी घराबाहेर पडताच पहिल्याच ब्रेकला धरणे हे त्या पॅडचे रोजचे काम असते आणि विद्यार्थ्यांच्या गाडीला नेमके तेच हवे असते. त्यांतही ऑरगॅनिक (तंतू आणि राळेचा) की सिंटर्ड (धातूची भुकटी तापवून घट्ट केलेला), हे डिस्क पाहून ठरवावे. मोटारसायकलच्या स्टेनलेस स्टीलच्या डिस्कवर सिंटर्ड पॅड चांगला चालतो, पण संघाने स्वतः बिडाची डिस्क बनवली असेल, तर तो ती लवकर खातो. शिवाय सिंटर्ड पॅडमधील धातू उष्णता थेट कॅलिपरकडे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाकडे आणि त्यातल्या तेलाकडे, नेतो; डॉट ४ प्रकारचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, परंतु पाणी शोषलेले तेल १५५ अंशांच्या पुढे कधीही उकळून दगा देऊ शकते, त्यामुळे स्पर्धेआधी ते बदलणे भाग आहे. पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे पॅड लावण्याचा मोहही टाळावा, कारण गार असताना जुळवलेला पुढचा-मागचा समतोल ब्रेक तापल्यावर बिघडू शकतो. आणि चाचणीच्या सकाळी नवे पॅड बसवणे हा तर शुद्ध वेडेपणा! मध्यम वेगावरून वीस-पंचवीस वेळा ब्रेक लावून पॅडचा पातळ थर डिस्कवर नीट बसल्याखेरीज ती जोडी खरा जोर दाखवत नाही.

महाविद्यालयांची खरेदी समिती पॅडसाठी तीन दरपत्रके मागवते. तापमानानुसार घर्षणांक कसा बदलतो याचा आलेख मात्र कोणी मागत नाही. तो मागणे सक्तीचे करावे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील उत्पादकांकडे असे आलेख असतात, चाचणीची यंत्रेही असतात. आपल्या गाडीच्या डिस्कवर, तीस अंशांपासून अडीचशे अंशांपर्यंत, आपलेच पॅड तपासून पाहण्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना वर्षातून एखादा दिवस ते यंत्र उपलब्ध करून द्यावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त अभियंता, चिंचवड